आधी तेराही भाग बघा, मग रद्द करा: फिल्म सोसायटीच्या कार्यकारी समितीस खुलं पत्र

प्रति,
अध्यक्ष, सचिव आणि कार्यकारी समितीचे सर्व सदस्य

स. न. वि. वि.

'पॅरानॉइया एजंट' या जपानी ॲनिमे (म्हणजे ॲनिमेशन) मालिकेचा दोन दिवसांचा कार्यक्रम आपण आयत्या वेळी रद्द केलात. सभासदांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निरोप आला: 'काही सभासदांच्या सूचनेवरून व पाल्यांच्या मानसिक आरोग्याचा विचार करून सदर कार्टून मालिकेचा कार्यक्रम स्थगित करण्यात येत आहे. त्याऐवजी कौटुंबिक चित्रपट दाखवण्यात येईल. तसदीबद्दल क्षमस्व.' खाली अंगठ्यांची रांग, दोन-चार नमस्कार, मग कुणाच्या तरी नातवाच्या वाढदिवसाचा फोटो. विषय मिटला.

माझ्यापुरता तो मिटलेला नाही. सचिवांना फोन केला तर 'मॅडम, मनाला लावून घेऊ नका, पुढच्या वर्षी बघू' असं ऐकून घ्यावं लागलं. अध्यक्षांना सविस्तर मेल पाठवला, त्याची साधी पोचही आली नाही. घरातलं भांडण चव्हाट्यावर आणू नये हे मलाही कळतं. पण सोसायटी सभासदांच्या वर्गणीवर चालते, कार्यक्रम गावभर पोस्टर लावून जाहीर होतात, आणि रद्द करण्याची कारणं मात्र कुणाला विचारायची सोय नाही. तेव्हा उघड लिहिते.

माझा यात काय संबंध, ते आधी सांगते. मी आजीव सभासद आहे, आणि हा कार्यक्रम मीच सुचवला होता. वितरकाशी परवानगीचा पत्रव्यवहार मी केला, प्रेक्षकांना वाटायचं मराठी टिपण मी लिहिलं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे मी पोटासाठी ॲनिमेशनच्या धंद्यात आहे, प्रॉडक्शन कोऑर्डिनेटर म्हणून. कुठला शॉट कुणाकडे अडकलाय, रिटेक किती आले, क्लायंटकडे डिलिव्हरी कधी जाणार, याची शीट सांभाळणारी बाई. आपल्या निरोपातला 'कार्टून मालिका' हा शब्द मला जरा जास्तच लागला, तो यामुळे.

मालिका कशाबद्दल आहे हे समितीतल्या बहुतेकांना ठाऊक नाही, म्हणून थोडक्यात. दिग्दर्शक सातोशी कोन. मॅडहाउस स्टुडिओने केलेले हे तेरा भाग फेब्रुवारी ते मे २००४ या काळात जपानच्या वाउवाउ या सशुल्क उपग्रह वाहिनीवर आले. कोन यांचे तीन चित्रपट तोवर होऊन गेले होते. त्यांत न मावलेल्या कल्पना त्यांनी इथे वापरल्या. २०१० साली ४६ व्या वर्षी ते कर्करोगाने गेले, आणि दूरचित्रवाणीसाठी त्यांनी केलेली मालिका ही एवढी एकच.

टोक्योच्या पश्चिम भागातल्या मुसाशिनोत त्सुकिको सागी नावाची अबोल तरुणी राहते. तिने काढलेलं मारोमी हे गुलाबी कुत्रं घराघरात पोचलंय. कंपनीला आता तिच्याकडून तसंच खपणारं दुसरं पात्र हवंय, आणि तिला काही सुचत नाही. एका रात्री घरी परतताना तिच्यावर हल्ला होतो. हल्लेखोर शाळकरी वयाचा मुलगा: डोक्यावर टोपी, पायात सोनेरी रोलर स्केट्स, हातात वाकलेली सोनेरी बेसबॉल बॅट. लोक त्याला 'शोनेन बॅट', म्हणजे बॅटवाला पोरगा, म्हणू लागतात. तपासाला दोन पोलिस, वयाने मोठा इकारी आणि तरुण मानिवा. बाईनेच हे कुभांड रचलं असावं अशी शंका त्यांना येते, तोवर दुसऱ्यावर हल्ला होतो, मग तिसऱ्यावर.

शोनेन बॅट ज्यांच्यावर धावून जातो ती सगळी माणसं आधीच कोंडीत सापडलेली आहेत. युइची हा शाळेतला लाडका, अभ्यासात पुढे, खेळात पुढे, विद्यार्थी निवडणुकीला उभा. पण त्याच्याकडे नेमके सोनेरी स्केट्स असतात आणि वर्गात कुजबुज सुरू होते. हारुमी दिवसा विद्यापीठात काम करते, रात्री 'मारिया' होऊन शरीरविक्रय करते, आणि एकाच बाईतल्या या दोघी घरातल्या आन्सरिंग मशीनवर एकमेकींना निरोप ठेवतात. लाच खाणारा एक पोलिस आहे, त्याच्या मानगुटीवर गुंड बसलेत. अशा माणसाला पुढेही जाता येत नाही आणि मागेही फिरता येत नाही, तेव्हा मागून स्केट्सचा आवाज येतो. डोक्यात बॅट बसते, आणि माणूस सुटतो. इस्पितळातल्या खाटेवर त्याला कुणी जाब विचारत नाही. बिचारा जखमी आहे.

या मालिकेची भीती मला इथे भेटली. अंधारात उभा असलेला पोरगा नुसता दचकवतो. पण 'आता कुणीतरी येऊन मला एकदाचं पाडावं, म्हणजे उद्याची मीटिंग टळेल' हा विचार आपल्यापैकी किती जणांच्या मनात येऊन गेलाय? ताप आला तर बरं होईल, असं परीक्षेच्या आदल्या रात्री कुणाला वाटलं नाही? कोन यांनी त्या विचाराला हातपाय दिले आणि हातात बॅट दिली. लोकांना ही मालिका बघून रात्री झोप लागत नाही, तरी ते पुढचा भाग लावतात, कारण राक्षस कुठून आला याचा माग काढताना ते स्वतःच्याच दारात येऊन उभे राहतात.

आता माझ्या तक्रारी.

पहिली तक्रार 'कार्टून' या शब्दाबद्दल. डोरेमॉन आणि शिनचॅन घरोघरी चालतात, म्हणून जपानहून आलेलं प्रत्येक रेखाटलेलं चित्र पोरांसाठीच असणार, असं समितीने गृहीत धरलं. आणि एकदा ते पोरांचं ठरवलं की मग 'पोरांसाठी फार भयंकर आहे' म्हणून रद्द करणं सोपं जातं. पण आपण जाहिरातीत पहिल्याच ओळीत '१८ वर्षांवरील प्रेक्षकांसाठी' असं छापलं होतं. मजकूर सचिवांनीच तपासला होता. मग पाल्य मध्ये आले कुठून? आपण 'राशोमोन' हा जपानी चित्रपट एकाहून जास्त वेळा दाखवलाय. त्यात खून आहे, बलात्कार आहे. तेव्हा कुणाला पाल्यांची आठवण झाली नाही. पडद्यावर हाडामांसाची माणसं असली की ती कला, आणि चितारलेली असली की बालवाडी, हा न्याय मला तरी समजत नाही.

चितारलेलं असल्यामुळे काय साधतं हे सांगायला मला थोडी जागा द्या, कारण ही माझी रोजची भाकरी आहे. मालिकेचं सुरुवातीचं गाणं बघा. सुसुमु हिरासावा यांचं संगीत: घोषणा द्याव्यात तसा चढा, उत्साहाने फुटणारा आवाज. पडद्यावर एकेक पात्र येतं आणि खदाखदा हसतं. त्सुकिको उंच इमारतीच्या गच्चीवर उभी आहे, वारा सुटलाय, पायातले बूट काढून हातात घेतलेत, आणि ती हसतेय. कुणी पाण्याखाली हसतंय. कुणाच्या मागे अणुस्फोटाचा ढग वर चढतोय आणि तोही हसतोय. त्या हसण्यात आनंद शोधून सापडत नाही. नटाला असं हसायला सांगितलं तर त्याचे डोळे कुठेतरी चुकार होतील, अंगातला माणूस मध्येच दिसेल. चित्रात डोळे तेवढेच हलतात जेवढे चित्रकाराने हलवले. एकही फ्रेम चुकून आलेली नसते. म्हणून दीड मिनिटाच्या त्या गाण्यातच आपल्याला कळून चुकतं, की या लोकांचं काहीतरी फार बिघडलंय आणि कुणी बोलत नाहीये. शेवटच्या गाण्यात तीच माणसं हिरवळीवर झोपलेली दिसतात आणि मध्ये भला मोठा मारोमी बसलेला. अंगाईसारखी चाल. मला तर हे दुसरं गाणं पहिल्याहून भीतिदायक वाटतं.

दहावा भाग तर आमच्याच धंद्यावर आहे. मारोमीवर मालिका बनवणाऱ्या स्टुडिओची गोष्ट. माणसं राबतायत, एकमेकांच्या अंगावर खेकसतायत, आणि मध्येच मारोमी गोड आवाजात समजावतो: हे दिग्दर्शक, ते अमुक करतात, ही रंगांचं काम बघणारी. जणू शाळेची सहल स्टुडिओ बघायला आलीय. आणि ज्यांची ओळख करून दिली त्यांच्यातलाच एकेक जण मरत जातो. सारुता नावाचा प्रॉडक्शनवाला आहे, कामात ढिला, सगळ्यांच्या शिव्या खाणारा. तो रात्री गाडीतून टेप घेऊन वाहिनीकडे निघालाय आणि त्याचे डोळे मिटतायत. डिलिव्हरीच्या आठवड्यात असे चेहरे मी रोज बघते. रेंडर, म्हणजे संगणकावर अंतिम चित्र तयार होणं, अडकलेलं, क्लायंटचा फोन वाजतोय, आणि मॉनिटरसमोर मान एका बाजूला कललेली. भारतात बसून दुसऱ्या देशांची कामं करून देणाऱ्या आमच्यासारख्या शेकडो जणांना हा भाग कुणी समजावून सांगावा लागणार नाही. आपल्या गावातली चार-पाच पोरं या क्षेत्रात आहेत, ती सुट्टी काढून येणार होती.

दुसरी तक्रार: मालिका कुणी बघितलेलीच नाही. फोनवर सचिवांनी सांगितलं, की एका सदस्यांना कुणीतरी आठव्या भागातली एक छोटी क्लिप पाठवली, ती बैठकीत फिरली आणि निर्णय झाला. तेरा भाग म्हणजे जेमतेम साडेपाच तास. एक रविवार. सात जणांच्या समितीत एकालाही तेवढा वेळ मिळाला नसेल, तर हरकत नाही, सगळे नोकरी-धंद्याची माणसं आहेत. पण मग मत नोंदवू नये. फिल्म सोसायटीने सिनेमा न बघता त्याबद्दल ठराव करायचा, हे आपल्या घटनेत बसतं का, तेही एकदा तपासा.

तिसरा मुद्दा मानसिक आरोग्याचा. हा मी हसण्यावारी नेणार नाही. आठव्या भागात इंटरनेटवर ओळख झालेले तिघे जण, एक म्हातारा, एक तरुण आणि एक लहान मुलगी, एकत्र मरायला म्हणून भेटतात. विषय हाच आहे आणि तो लपवून मी कार्यक्रम मागत नाही. ब्रिटनमध्ये डीव्हीडी निघाली तेव्हा तिथल्या सेन्सॉर मंडळाने याच भागातला थोडा अंश कापायला लावला होता, हेही माझ्या टिपणात लिहिलेलं आहे. टिपण समितीला आधीच दिलं होतं.

पण हा भाग आला कुठून, ते बघा. जपानमध्ये १९९८ पासून २०११ पर्यंत दर वर्षी तीस हजारांहून जास्त माणसांनी आत्महत्या केली. २००३ साली हा आकडा ३४,४२७ होता. त्याच वर्षी इंटरनेटवर अनोळखी माणसांनी एकमेकांना गाठून सामूहिक आत्महत्या केल्याच्या बातम्या लागोपाठ येऊ लागल्या. जमिनी आणि शेअरच्या फुगलेल्या भावांचा बुडबुडा फुटल्यानंतरची मंदी लांबत चाललेली, आयुष्यभराच्या नोकरीची खात्री गेलेली. कोन आणि त्यांचे लेखक सेइशी मिनाकामी ही मालिका घडवत होते ते या हवेत. त्यांनी विषय आकाशातून पाडलेला नाही. त्यांच्या देशातला प्रत्येक जण जे पेपरात वाचत होता आणि घरी बोलत नव्हता, ते त्यांनी पडद्यावर आणलं.

आणि कसं आणलं? म्हातारा आणि तरुण, दोघांचीही पहिली धडपड ही, की या पोरीला कसंही करून मागे ठेवायचं. ती हट्टाने पाठ सोडत नाही. भाग चक्क विनोदी आहे. हसू येतं आणि हसल्याची लाज वाटते. एका ठिकाणी या तिघांना शोनेन बॅट दिसतो. हे तिघे आनंदाने त्याच्याकडे धावत सुटतात, आणि तो शोनेन बॅट, ज्याने अख्खं शहर हादरवलंय, त्यांना बघून पळ काढतो! घाबरलेल्या माणसावरच त्याची ताकद चालते. एवढा एक प्रसंग बघितला असता तर समितीला कळलं असतं, की हा भाग मरणाचं कौतुक करत नाही. क्लिपमध्ये अर्थातच हे नव्हतं. भागाच्या शेवटाकडे एक गोष्ट चित्रात नसते, ती शोधायची जबाबदारी बघणाऱ्याची. मी सांगणार नाही.

चौथी तक्रार अशी, की 'आपल्या लोकांचा याच्याशी काय संबंध' असं बैठकीत म्हटलं गेल्याचं ऐकलं. नवव्या भागात चार बायका वसाहतीच्या आवारात उभ्या राहून गप्पा मारतायत. त्यांतली एक नवीन आहे, पटकथालेखकाची बायको, तिला बाकीच्या अजून आपल्यात घेत नाहीत. शोनेन बॅटने कुणाला कसं मारलं याच्या कहाण्या चालल्यात आणि प्रत्येक कहाणी आधीच्याहून भन्नाट. परीक्षेला बसलेल्या मुलाने इतकी सूत्रं डोक्यात कोंबलीत की ती बाहेर सांडू लागतात, असली. नवीन बाईच्या कहाण्या मात्र बाकीच्या हाणून पाडतात: हे खरं वाटत नाही, यात दम नाही. मग ती घरी येते. नवरा दारात रक्ताने माखून पडलाय. शोनेन बॅटने मारलं, असं तो कसाबसा सांगतो. आणि ती बाई रुग्णवाहिका बोलवायची सोडून त्याला हलवून हलवून विचारते, तो कसा दिसत होता, काय झालं, नीट सांग! उद्या सांगायला तिच्याकडे खरी गोष्ट असणार.

१ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठेचून मारलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, भिक्षा मागत फिरणारी माणसं होती ती, बहुतेक सोलापूर जिल्ह्यातून आलेली. त्याच्या आधीचे कित्येक दिवस टोळीचे मेसेज फोनांवरून फिरत होते. पाठवणाऱ्यांपैकी कुणी टोळी पाहिली नव्हती. प्रत्येकाने आपल्या पदरचं थोडं घातलं, 'शेजारच्या गावात काल झालं' एवढं, आणि पुढे ढकललं. २००१ साली दिल्लीत काळा माकड-माणूस फिरतोय म्हणून लोक गच्च्यांवरून उड्या टाकत होते. आपल्याला नवव्या भागाशी संबंध शोधायला जपानला जावं लागत नाही. शोनेन बॅट मालिकेत जसजसा पुढे जातो तसतसा त्याचा आकार वाढतो, सुरुवातीचा किडकिडीत पोरगा शेवटी ओळखू येत नाही. अफवेला शरीर असतं तर ते कसं दिसलं असतं, हे इतक्या नेमकेपणाने दुसरीकडे कुठे चितारलेलं मी बघितलेलं नाही. आणि गंमत बघा, समितीचा निर्णयसुद्धा एका फॉरवर्ड केलेल्या क्लिपवर झाला.

मालिका निर्दोष आहे असा माझा दावा नाही. पाचव्या भागातला व्हिडिओ गेमचा खेळ आज जुना वाटतो. सातव्यानंतर पोलिसी तपासाचा धागा जवळपास सोडून दिला जातो आणि गुन्हेगार कोण या ओढीने बसलेल्या प्रेक्षकाचा हिरमोड होतो. बारावा भाग मला अजूनही पसरट वाटतो. प्रत्येक भागानंतर चंद्रावरचा एक म्हातारा पुढच्या भागाबद्दल कोड्यात बोलतो, ते काहींना आवडतं, मला थोड्या वेळाने कंटाळा येतो. हे सगळं चर्चेत बोलायचं होतं. त्यासाठीच तर सोसायटी असते.

पण आपण 'निराशाजनक' म्हणून जी मालिका बाजूला ठेवलीत तिचा अकरावा भाग तरी बघा. इकारीची नोकरी गेलीय, तो आता बांधकामाच्या जागेवर सुरक्षारक्षक आहे. त्याची बायको मिसाए जन्मापासून आजारी. घरात ती एकटी आहे, आणि शोनेन बॅट येतो. मारामारी होत नाही, किंचाळ्या नाहीत. ती त्याच्याशी बोलते. लग्न कसं झालं, नवऱ्याने आजारपणात कसं सांभाळलं, आपण ओझं झालोय असं वाटून एकदा ती स्वतः कुठवर जाऊन आली, हे सगळं सांगते. आणि मग त्याला म्हणते, तुझ्यामुळे जी सुटका मिळते ती खोटी आहे. मारोमीच्या गोडगोड बोलण्यातून मिळते तीही खोटी. तुझं माझ्यासमोर काही चालणार नाही. अख्ख्या मालिकेत पोलिसांना जे जमलं नाही ते ही आजारी बाई घरात बसून, नुसतं बोलून करते. तोंडावर 'धीर धर' म्हणणारे सिनेमे आपण खूप दाखवले. धीराची इतकी कठोर व्याख्या मी त्यांत पाहिलेली नाही.

आणि त्याच मालिकेत मारोमी आहे. तो गोंडस आवाजात त्सुकिकोला सांगत राहतो: तुझी काही चूक नाही, दमलीस ना, झोप. शोनेन बॅट आणि मारोमी एकमेकांचे कोण लागतात हे शेवटच्या भागात उलगडतं, ते इथे फोडणार नाही. एवढंच म्हणते, की 'कौटुंबिक चित्रपट दाखवण्यात येईल' हे वाक्य वाचलं आणि मला तो आवाज ऐकू आला.

पाचवी तक्रार पद्धतीची, आणि ती लहान आहे. कार्यक्रम मंजूर झाला तेव्हा इतिवृत्तात नोंद होती. रद्द झाला तेव्हा नाही. ज्या सभासदांच्या सूचनेचा दाखला दिलात त्यांची नावं मला नकोत, पण त्यांचं लेखी म्हणणं तरी असायला हवं होतं. बाहेरगावाहून येणाऱ्यांनी गाडीची तिकिटं काढली होती. त्यांना फोन मी केले, समितीने नाही.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

समितीच्या सर्व सदस्यांनी तेराही भाग क्रमाने, पूर्ण बघावेत. मी कुणाच्याही घरी येऊन लावून द्यायला तयार आहे. चहाची अट नाही.

त्यानंतरही बहुमत विरोधात गेलं तर कारणं लेखी द्यावीत आणि ती सभासदांसमोर ठेवावीत. मी ती मान्य करेन असं नाही, पण वाद कागदावर होईल.

बहुमत बाजूने असेल तर कार्यक्रम येत्या तिमाहीत घ्यावा. दोन दिवस, पहिल्या दिवशी सात भाग, दुसऱ्या दिवशी सहा. मूळ जपानी आवाज, इंग्रजी सबटायटल्स आणि हातात मराठी टिपण. दारात ओळखपत्र बघूनच प्रवेश, १८ च्या आतल्या कुणालाही नाही, समिती सदस्यांच्या घरच्यांसह.

आठव्या भागाआधी सूचना द्यावी, ज्यांना बाहेर थांबायचंय त्यांना थांबता यावं, आणि टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक पडद्यावर आणि टिपणात दोन्हीकडे ठळक असावा. दुसऱ्या दिवशीच्या चर्चेला एखाद्या मानसोपचारतज्ज्ञांना बोलवावं. मानसिक आरोग्याची काळजी खरी असेल तर तिच्यासाठी करण्यासारखं काम हे आहे. गावात या विषयावर चारचौघांत बसून बोलायची दुसरी जागा तरी कुठली आहे?

आणि यापुढे 'कार्टून' हा शब्द सोसायटीच्या कुठल्याही निरोपात ॲनिमेशनसाठी वापरू नये. ही मागणी मान्य झाली नाही तरी मी वर्गणी बंद करणार नाही, आजीव सभासद असल्याने तशी सोयही नाही.

पुढची बैठक महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी असते. विषयपत्रिकेत हा विषय घ्यावा आणि मला पाच मिनिटं द्यावीत. वितरकांनी परवानगीची मुदत वाढवून द्यायची तयारी दाखवलीय, पण त्यांना महिनाअखेरीपर्यंत हो किंवा नाही कळवायचं आहे.

कळावे,
आपली एक आजीव सभासद